त्या थेंबांना साबण म्हणू नका

मा. संपादक,

सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत खाण्यातल्या आणि औषधांतल्या ‘छुप्या साबणा’विषयी अर्धे पान मजकूर आला होता. त्यात ‘पॉलिसॉर्बेट ८०’ हे नाव चौकटीत, लाल अक्षरांत छापले होते. हा साबणाच्या जातीचा पदार्थ लहान मुलांच्या औषधांतही घालतात, अशी खाली ओळ होती. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसणार, असे मी धरून चालते. पण त्या चौकटीमुळे आमच्या इमारतीतल्या एका बाळाचे थेंब सतरा दिवस बंद राहिले आणि लस टोचल्यावर जे व्हायचे ते झाले. पत्र लांबले आहे. कुठे कापायचे ते शेवटी सांगितले आहे.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकलेली आहे. मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या औषधभांडारात बावीस वर्षे काढली, आता सांगलीत विश्रामबागेला राहते. योगायोग असा की १९९७ साली माझा एम. फार्म.चा प्रबंध नेमका याच विषयावर होता : पित्तातले क्षार आणि पॉलिसॉर्बेट पाण्यात एकत्र आले की काय होते. एवढ्या वर्षांत त्याबद्दल मला कोणी विचारले नाही. आता विचारले ते खालच्या मजल्यावरच्या आजींनी, जिन्यात उभ्या राहून.

बाळाचे आधी सांगते. तासगावकडचे कुटुंब, मुलगा पहिलाच. जन्मानंतर कावीळ झाली, ती पंधरा दिवसांनंतरही उतरेना. ज्यांना दाखवले त्यांनी कोवळे ऊन दाखवायला सांगितले. सूनबाई रोज सकाळी गच्चीवर बाळाला घेऊन बसायची. मी वाळवणे घालायला गेले की दिसायची. दुपटी दोरीवर वाळत असायची, त्यांवर धुऊनही न गेलेले गडद पिवळे डाग. मी विचारले, “शी कशी होते गं?” ती म्हणाली, “काकू, पांढरी होते. दुधाची असेल.” मी लंगोट पाहिला. गणपतीच्या शाडूसारखा रंग होता. त्याच दिवशी त्यांना पुढे पाठवले. निदान झाले बिलिअरी अट्रेसिया, म्हणजे यकृतातून पित्त बाहेर आणणाऱ्या नळ्याच बुजलेल्या. अठ्ठावन्नाव्या दिवशी पुण्यात शस्त्रक्रिया झाली. ती साठ दिवसांच्या आत झाली तर यश येण्याची शक्यता जास्त असते, म्हणून हा अठ्ठावन्नचा आकडा मी विसरत नाही. शस्त्रक्रिया शोधणाऱ्या जपानी सर्जनचे नाव मोरिओ कसाई. ‘कसाई ऑपरेशन’ हे शब्द कानावर पडले तेव्हा आजी दवाखान्याच्या बाकावर बसून रडू लागल्या. ते एका डॉक्टरचे आडनाव आहे हे त्यांना कोणी आधी सांगितलेच नव्हते.

या शस्त्रक्रियेत आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडतात. पित्त वाहू लागते, पण बहुतेक मुलांत ते पुरेसे नसते. घरी आल्यावर बाळाला दोन बाटल्या मिळाल्या. एकीत अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल, म्हणजे पित्त वाहते ठेवणारे औषध, दुसरीत अ, ड, ई आणि के ही चार जीवनसत्त्वे, पाण्यात मिसळतील अशा थेंबांच्या रूपात. दोन्ही बाटल्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खणाशेजारी उभ्या असत. दुधातून थोडे खोबरेल द्यायलाही सांगितले होते, कारण त्यातल्या मध्यम लांबीच्या साखळीच्या मेदाला शोषले जायला पित्ताची गरज कमी लागते.

साडेतीन महिन्यांची लस झाली त्या दिवशी टोचलेल्या जागी रक्त थांबेना. कापूस दाबून धरला तरी अर्धा तास झिरपत राहिले. संध्याकाळपर्यंत मांडीवर लिंबाएवढी निळी गाठ आली. मी विचारले, थेंब चालू आहेत ना? आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, “न्हाई बाई. पेपरात आलंय न्हवं, साबण हाय म्हणं त्यात. तान्ह्या पोराच्या पोटात साबण कसा घालायचा? पित्ताची बाटली तेवढी देतोय.” बाटलीवरचे बारीक इंग्रजी नाव त्यांनी नातवाच्या काकाकडून वाचून घेतले होते. चौकटीतले नाव आणि बाटलीवरचे नाव अक्षर न अक्षर जुळले होते. त्यांचे काय चुकले? त्यांनी वर्तमानपत्रावर विश्वास ठेवला.

रात्रीच मिरजेला नेले. रक्त गोठायला लागणारा वेळ लांबला होता. जीवनसत्त्व के कमी पडले की हेच होते. इंजेक्शन दिले, दुसऱ्या दिवशी आकडा खाली आला. मांडीच्या जागी डोक्यात रक्तस्राव झाला असता, तर हे पत्र मी वेगळ्या शब्दांत लिहिले असते.

आता आपल्या मजकुराकडे येते. त्यात खरे काय होते ते आधी मान्य करते. अमेरिकेत १९८३-८४ मध्ये ई-फेरॉल नावाचे जीवनसत्त्व ई चे औषध अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिले गेले आणि ३८ बाळे दगावली. त्यात पॉलिसॉर्बेट होते, आणि भरपूर होते. ही घटना खरी आहे आणि आमच्या व्यवसायात ती कोणी विसरू नये. पण ते औषध शिरेतून दिले होते. शिरेत सोडलेला पदार्थ थेट रक्तपेशींना आणि यकृताला जाऊन भिडतो. तोंडावाटे दिलेल्या थेंबाचा रस्ता निराळा आहे. हे वाक्य त्या अर्ध्या पानात कुठेच नव्हते. उंदरांवरचा जो प्रयोग आपण छापलात तोही खरा आहे. २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या त्या प्रयोगात उंदरांना बारा आठवडे पिण्याच्या पाण्यातून एक टक्का पॉलिसॉर्बेट दिले होते, आणि त्यांच्या आतड्यातले जीवाणू बिघडून सूज आली होती. रोज पुडीतले पदार्थ खाणाऱ्याने त्यातून काळजी घ्यावी, हे मलाही पटते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने पॉलिसॉर्बेटची रोजची चालणारी मात्रा वजनाच्या किलोमागे २५ मिलिग्रॅमपर्यंत धरली आहे, ती काही उगीच नाही. पण आइस्क्रीम घट्ट राहावे म्हणून घातलेला पदार्थ आणि पित्त नसलेल्या मुलाला जीवनसत्त्व पोचावे म्हणून घातलेला पदार्थ, हे दोन्ही एकाच चौकटीत बसवायला नको होते.

पित्त म्हणजे काय, इथूनच आपल्याकडे घोटाळा आहे. मराठीत ‘पित्त झालं’ म्हटले की छातीत जळजळ आणि आंबट ढेकर. ते पोटातले आम्ल. खरे पित्त वेगळे. कृष्णेतला मासा साफ करताना ती हिरवी पिशवी फुटली की अख्खी आमटी कडू होते, ते खरे पित्त. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते, त्यांना ग्लायसिन किंवा टॉरिन जोडते आणि क्षारांच्या रूपात आतड्यात सोडते. प्रौढ माणसाच्या शरीरात यांचा सगळा साठा दोन ते चार ग्रॅमच असतो. तोच साठा रहाटगाडग्यासारखा दिवसात सहा ते दहा वेळा फिरतो : यकृतातून आतड्यात, आतड्याच्या शेवटी शोषला जाऊन पुन्हा यकृतात.

आणि हे पित्तक्षार काम काय करतात? तेलाला पाण्यात धरून ठेवतात. साबणही तेच करतो. तेव्हा ‘साबणाच्या जातीचा पदार्थ’ शोधायचा असेल तर तो प्रत्येकाच्या पोटात जन्मापासून आहे. पॉलिसॉर्बेटपेक्षा पित्तक्षारच साबणाला जवळचे, कारण साबणासारखेच तेही सोडियमचे क्षार आहेत आणि त्यांच्या रेणूवर ऋण प्रभार असतो. पॉलिसॉर्बेटवर प्रभारच नसतो. म्हणून त्याला अनायनी म्हणतात.

दोघांची घडण मात्र अगदी वेगळी, आणि माझ्या प्रबंधाचा सगळा जीव तिच्यात होता. पॉलिसॉर्बेट ८० चा रेणू शाळूच्या ताटासारखा समजा. खाली ओलिक आम्लाचे लांब धांडे, वर ऑक्सिएथिलीनच्या सुमारे वीस कड्यांचे भरगच्च कणीस. कणसाला पाणी हवे, धांड्याला नको. पाण्यात त्यांची संख्या वाढली की धांडी आत आणि कणसे बाहेर असा गोल पुंजका होतो. त्याला मिसेल म्हणतात. ही कल्पना जेम्स मॅकबेन यांनी १९१३ मध्ये मांडली. आतल्या तेलकट भागात तेलात विरघळणारी जीवनसत्त्वे जाऊन बसतात.

पित्तक्षाराला धांडेच नाही. तो नळीच्या कौलासारखा आहे : चार कड्यांचा, कडक, किंचित वाकलेला. कौलाच्या पाठीवर पाणी टिकत नाही, तशी याची फुगीर बाजू पाण्याला तोंड देत नाही. पोटाकडच्या खोलगट बाजूला हायड्रॉक्सिल गट असतात, तिला पाणी आवडते. अशा कौलांचे गोल पुंजके कसे होणार? ती पाठीला पाठ लावून दोन-दोन, चार-चार अशी बिलगतात. ट्रायटन एक्स-१०० या अनायनी पदार्थाच्या एका मिसेलमध्ये शंभराहून जास्त रेणू असतात. सोडियम कोलेट या पित्तक्षाराच्या पुंजक्यात मात्र दहाच्या आतच. शिवाय सगळ्या कौलांवर ऋण प्रभार, त्यामुळे ती एकमेकांना ढकलत राहतात. पुंजके होण्यासाठी किमान किती मात्रा लागते, त्या आकड्याला क्रांतिक संहती म्हणतात. सोडियम डिऑक्सिकोलेट या दुसऱ्या पित्तक्षाराची ती सुमारे ५ मिलिमोलर (एका लिटरात किती रेणू आहेत ते सांगणारे हे माप). पॉलिसॉर्बेट ८० ची सुमारे ०.०१२. चारशेपटीचा फरक.

हा आकडा मोजायचे माझे साधन होते स्टॅलॅग्मोमीटर, म्हणजे मध्ये फुगा असलेली काचेची नळी. तीतून ठरावीक द्रावण थेंब-थेंब पडू द्यायचे आणि थेंब मोजायचे. पृष्ठताण कमी झाला की थेंब बारीक होतात आणि त्यांची संख्या वाढते. माझ्या नळीतून शुद्ध पाण्याचे चाळीस थेंब पडत, पॉलिसॉर्बेटचे अगदी पातळ द्रावणसुद्धा साठाच्या वर जाई. मात्रा वाढवत गेले की थेंब वाढत जातात आणि एका जागी थबकतात. ती जागा म्हणजे क्रांतिक संहती. पंख्याच्या वाऱ्याने थेंब हलतो म्हणून पंखा बंद. मे महिन्यात प्रयोगशाळेत मी रात्री साडेअकरापर्यंत ओठातल्या ओठात आकडे मोजत बसायची. डिऑक्सिकोलेटची पांढरी भुकटी तोलताना उडाली की शिंका येत आणि घशात कडवटपणा उतरे, तो रात्रीच्या भातापर्यंत जात नसे. एकदा सकाळी येऊन पाहते तर आदल्या दिवशीचे द्रावण बीकरमध्ये खरवसासारखे थिजलेले. बीकर उलटा केला तरी पडेना. त्यातला अल्कपणा कमी झाला होता. डिऑक्सिकोलेट साधारण उदासीन पाण्यात आले की असेच थिजते. त्या दिवसापासून सामू (पीएच) तपासल्याशिवाय मी एकही थेंब मोजला नाही.

मग दोघांना एकत्र केले. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातले प्रा. सत्यप्रिय मौलिक आणि सहकारी यांनी १९९५ मध्ये डिऑक्सिकोलेट आणि ट्रायटन एक्स-१०० यांच्या मिश्रणावर शोधनिबंध लिहिला होता. त्याची झेरॉक्स माझ्या टेबलावर असायची, कडा तेलकट झालेली. दोन पदार्थ एकमेकांशी काहीही देणेघेणे न ठेवता मिसळले तर मिश्रणाची क्रांतिक संहती किती येईल, याचे समीकरण जॉन क्लिंट यांनी १९७५ मध्ये दिले आहे. दोघांचे रेणू निम्मे-निम्मे घेतले तर त्या हिशेबाने ०.०२४ मिलिमोलरच्या आसपास उत्तर येते. प्रत्यक्ष आकडा त्याहून खाली आला तर दोघांची एकमेकांना ओढ आहे असे समजायचे. किती ओढ आहे ते डॉन रुबिंग यांच्या १९७९ च्या रीतीने बीटा या आकड्यात काढायचे. बीटा वजा आला की जमले. माझ्या वहीत तो बहुतेक प्रमाणांत वजा आला. फार मोठा नाही, पण वजाच.

ओढ असण्याचे कारण चित्र डोळ्यांपुढे आणले की कळते. शाळूच्या गोल पेंढीत, कणसांच्या दाटीत एकेक कौल सरकते. त्याची पाठ आतल्या तेलकट भागाला टेकते. पोटाकडचे हायड्रॉक्सिल गट कणसांच्या ऑक्सिजनशी आणि त्यांच्यातल्या पाण्याशी हायड्रोजन बंध जोडतात. मुख्य म्हणजे एका कौलाचा ऋण प्रभार आणि दुसऱ्याचा, यांच्यामध्ये आता प्रभार नसलेली कणसे उभी असतात. ढकलाढकली कमी होते. जे कौल एकटे असताना ५ मिलिमोलर मात्रा भरल्याशिवाय पुंजक्यात यायला तयार नव्हते, ते त्याच्या कितीतरी खाली पेंढीत जाऊन बसते. कौलांची संख्या फारच वाढली तर ती पाचरीसारखी शिरून मोठी पेंढी फोडतात आणि लहान-लहान पेंढ्या होतात. कडक कौल वाकत नाही, त्यामुळे ही जोडी सगळ्याच प्रमाणांत सारखी जमत नाही, हेही खरे.

माफ करा, इथे मी रमले. पण फ्रिजच्या दारातल्या त्या दोन बाटल्या आठवा. निरोगी माणसाच्या आतड्यात पित्तक्षार किती असतात याचा अंदाज औषधकंपन्यांच्या एका नेहमीच्या द्रावणावरून येतो. उपाशीपोटीच्या आतड्याची नक्कल करताना त्यात ३ मिलिमोलर सोडियम टॉरोकोलेट हा पित्तक्षार घालतात, जेवणानंतरची नक्कल करताना १५. आतड्यात मीठ आणि लेसिथिन (पित्तातलाच एक मेद) असल्यामुळे पुंजके होण्याची हद्द खाली येते, तरी दीड-दोन मिलिमोलर लागतातच. बाळाच्या आतड्यात पित्त त्याहून कमी पडले की त्याचे अ, ड, ई, के शी वाटे निघून जाणार. आईने कितीही अंगावर पाजले तरी.

दुसऱ्या बाटलीतले पॉलिसॉर्बेट ही उणीव भरून काढते. त्याला पुंजका करायला पित्ताची परवानगी लागत नाही, ०.०१२ मिलिमोलरलाच तो तयार असतो. शस्त्रक्रियेनंतर यकृतातून जे थोडेफार पित्तक्षार येऊ लागले आहेत, ते एकटे हद्द गाठू शकत नाहीत, पण या पेंढीत सरकू शकतात. माझ्या वहीतले वजा आकडे हेच सांगत होते. आतड्यातली गर्दी बीकरपेक्षा फार मोठी आहे हे मला माहीत आहे, म्हणून वहीतला आकडा मी बाळाला लावत नाही. पण तत्त्व तेच आहे. युरोपात २००९ पासून पित्त अडलेल्या मुलांसाठी जीवनसत्त्व ई चे असे एक रूप मान्य आहे, ज्यात त्या जीवनसत्त्वालाच पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे कणीस जोडले आहे. ते स्वतःच पॉलिसॉर्बेटसारखे अनायनी पृष्ठक्रियाकारक (तेलाला पाण्यात धरणारा पदार्थ) होऊन आपला पुंजका आपण करते.

पहिल्या बाटलीतले अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लही याच घराण्यातले, पण त्याचा एक हायड्रॉक्सिल गट पोटाकडे न राहता पाठीकडे वळलेला आहे. पाठच ओली झाल्यामुळे कौल कौलाला नीट चिकटत नाही. ते पित्त वाहते ठेवण्यासाठी दिलेले आहे. जीवनसत्त्वे वाहून नेण्याचे काम त्याच्या भरवशावर सोडता येत नाही. आजींनी जपून चालू ठेवली ती बाटली चांगलीच होती, पण बंद केली तीवर त्या सतरा दिवसांचे रक्त गोठणे अवलंबून होते.

‘साबण’ हा शब्द इतक्या सहज वापरू नये याचे आणखी एक कारण माझ्या भांडारात मी पाहिले आहे. २०२१ च्या मे-जूनमध्ये काळ्या बुरशीचे रुग्ण मिरजेत येत होते. अँफोटेरिसिन बी हे औषध पाण्यात विरघळत नाही. त्याच्या साध्या प्रकारच्या कुपीत ५० मिलिग्रॅम औषधाबरोबर ४१ मिलिग्रॅम सोडियम डिऑक्सिकोलेट असते, म्हणजे पित्तक्षारच. शुद्ध पाणी घालून हलवले की पिवळे, नितळ द्रावण होते. ते पुढे फक्त डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे साखरेच्या पाण्याच्या बाटलीत घालायचे. मिठाच्या सलाइनमध्ये घातले की फाटते. एका रात्री घाईत एकाने सलाइनच्या बाटलीत घातले. माझ्या डोळ्यांदेखत ते नितळ पिवळे पाणी गढूळ झाले, हळदीचा हात धुतल्यासारखे, आणि तळाशी कण दिसू लागले. त्या दिवसांत एकेका कुपीसाठी नातेवाईक भांडाराच्या खिडकीशी रात्रभर उभे असत. ती बाटली ओतून देताना माझा हात थरथरला होता. पित्तक्षाराचा तो पुंजका टिकला तर औषध, फाटला तर मोरीत. तेव्हा कोणी ‘छुपा साबण’ म्हणून ती कुपी नाकारली असती, तर त्याचे काय झाले असते? पॉलिसॉर्बेट ८० कोविशील्डमध्येही होते. आपल्या वाचकांपैकी कितीतरी जणांच्या दंडात ते गेले आहे. जीवनसत्त्व के चे इंजेक्शनसुद्धा असेच काहीतरी घेऊन विरघळते : कोनाकिऑन या औषधात आधी एरंडेलापासून केलेला अनायनी पदार्थ असे, पुढे त्याच्या जागी ग्लायकोकोलिक आम्ल आणि लेसिथिन यांच्या मिश्र मिसेल आल्या. बदल झाला तो लोकांना त्रास झाल्याचे दिसल्यावर, पुरावे बघून. चांगल्या औषधाचा इतिहास असाच असतो.

आपण खुलासा छापाल, अशी आशा मी का धरते तेही सांगते. पित्ताम्लांची रचना शोधल्याबद्दल हाइनरिश वीलँड यांना १९२७ चे नोबेल मिळाले. त्यांनी तेव्हा मांडलेली रचना चुकीची होती. १९३२ मध्ये क्ष-किरणांच्या मोजमापाने ते उघड झाले, आणि दुरुस्त रचना मांडणाऱ्यांत वीलँड स्वतः होते. नोबेल परत घ्यावे असे कोणी म्हटले नाही.

माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली, खुलासा त्याच पुरवणीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत यावा. आतल्या पानावर कोपऱ्यात आला तर आजींपर्यंत पोचणार नाही. त्या रविवारचीच पुरवणी वाचून घेतात, सोमवारचा अंक भाजी गुंडाळायला जातो. दुसरी, जागा उरली तर नवजात बाळाच्या शीच्या रंगांची रंगीत पट्टी छापा. तैवानमध्ये २००४ पासून अशी पट्टी प्रत्येक बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत असते. शाडूसारखा, खडूसारखा पांढरट रंग दिसला आणि कावीळ चौदा दिवसांनंतरही असली, तर उन्हात बसवून वाट बघायची नाही, रक्तातले डायरेक्ट बिलिरुबिन (पित्त अडले की वाढणारा काविळीचा पिवळा घटक) तपासायचे, एवढे दोन ओळींत मावते. ती पट्टी तेव्हा घरात असती तर बाळाच्या आईने गच्चीवर इतक्या सकाळी वाया घालवल्या नसत्या.

कापायचे झाल्यास माझा प्रबंध कापा, थेंब मोजणे कापा, वीलँडही कापा. पुढचा मजकूर मात्र चौकटीत, लाल अक्षरांत, जसाच्या तसा ठेवा :

‘पित्त अडलेल्या किंवा कमी असलेल्या बाळांना दिलेल्या जीवनसत्त्वांच्या थेंबांत पॉलिसॉर्बेट ८० असू शकते. जीवनसत्त्वे पाण्यात विरघळून आतड्यातून शोषली जावीत म्हणून ते घातलेले असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे थेंब एक दिवसही बंद करू नयेत. रक्त लवकर न थांबणे, अंगावर निळे डाग उठणे, नाकातून किंवा बेंबीतून रक्त येणे असे काही दिसले तर लगेच दवाखान्यात जावे.’

बाळाचे थेंब पुन्हा चालू झाले आहेत. मांडीवरची गाठ हिरवी पडून उतरली. आजी आता बाटली स्वतः हलवतात, उजेडात धरून बघतात आणि मला वर हाक मारून विचारतात, “फाटलं न्हाई न्हवं?” मी खाली जाऊन बघते. परवाही गेले होते. द्रावण नितळ होते.

आपली,
एक औषधनिर्माती
विश्रामबाग, सांगली